आयलो गे, आयलो

आमच्या घरातलं कुणी दूधसागरला जात नसे. दूधसागर यायचा.

जसं स्टेशन येतं, घाट येतो, बोगदा येतो, तसा तो यायचा. बेळगावहून गोव्याला निघालं की लोंढ्याला गाडी बराच वेळ उभी राहायची. मग तिनईघाट, मग कॅसलरॉक. तिथे इंजिनांची जोडाजोड चाले, ब्रेक तपासणारी माणसं हातोडी घेऊन डब्याखाली वाकत. त्या हातोडीचा ठण्ण आवाज आला की आज्जी पिशवीतली जपाची माळ काढून मनगटाला गुंडाळायची. आम्हा मुलांकडे बोगदे मोजायचं काम. करंझोळ मागे पडलं की खिडकीजवळची जागा तिची, त्यात कुणी वाद घालायचा नाही. एका बोगद्यातून गाडी बाहेर पडे, अंगावर एकदम गार वारा येई, आणि आज्जी म्हणे, "आयलो गे, आयलो!"

आज्जीचं माहेर फोंड्याजवळचं. लग्न होऊन बेळगावला आली आणि पन्नास वर्षं मराठी बोलली, पण हे दोन शब्द तिने कधी मराठीत, 'आला गं, आला' असे, म्हटल्याचं मला आठवत नाही.

पावसाळ्यात पुलावर गाडी आली की तुषार थेट डब्यात यायचे. शहाणी माणसं खिडक्यांच्या लाकडी झडपा खाली ओढायची. आज्जी ओढू द्यायची नाही. गजाला लागलेलं पाणी ती दोन बोटांनी निपटून घ्यायची आणि ती बोटं आधी स्वतःच्या डोळ्यांना लावायची, मग माझ्या. पाणी गार असायचं आणि त्याला गजाच्या लोखंडाचा वास असायचा. लहानपणी मला वाटे, धबधब्याच्या पाण्यालाच तसा वास असतो. पूल संपून गाडी दरीला वळसा घालून पलीकडे गेली की मग तो अख्खा दिसायचा, वरपासून खालपर्यंत. तोवर आज्जीचं बघून झालेलं असायचं. ती टोपलीतली केळी काढायला लागायची.

दूधसागर सुमारे ३१० मीटर उंचीवरून, चार टप्प्यांत खाली येतो. गोवा आणि कर्नाटकाच्या सीमेवरचा हा डोंगर, आणि खाली पसरलेलं भगवान महावीर अभयारण्य. त्याच्या २४० चौरस किलोमीटरपैकी १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला, तेच मोले राष्ट्रीय उद्यान. धबधब्याच्या मधोमध, पाण्याच्या पुढ्यातून, रेल्वेचा पूल जातो. एवढ्या मोठ्या पाण्याला इतक्या जवळून, बसल्या जागेवरून बघता येणं हे रेल्वेचं देणं. आणि तिच्याबद्दल जितकं वाचत गेले तितकं लक्षात आलं, की या दुधाच्या गोष्टीत सुरुवातीपासून मीठ आहे.

घाटावर आणि गोव्यात रेल्वेच्या आधी शतकानुशतकं ये-जा होतीच. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य लादून घाट उतरत आणि गोव्याच्या मिठागरांतलं मीठ घेऊन वर चढत. १८७८मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. दोन्ही मुलखांमधली जकात उठली, आणि बदल्यात गोव्यातल्या मिठावर ब्रिटिशांचा ताबा आला. त्यापोटी पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळणार होते. त्या तहातच मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत लोहमार्गाची बोलणी होती. १८८१मध्ये लंडनमध्ये वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे नावाची कंपनी उभी राहिली. १८८८पर्यंत मीटरगेजचे रूळ घाट चढून सरहद्दीला भिडले आणि पलीकडच्या सदर्न मराठा रेल्वेला जाऊन मिळाले. तह मात्र १८९२मध्ये संपला. तोवर कितीतरी आगरं बंद पडली होती. ज्यांचं पोट मिठावर होतं त्यांच्या दारावरून आगगाडी गेली.

दुधात मिठाचा खडा पडणं हा वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो. दूधसागरच्या पुलाचे दगडी खांब बघताना मला तो नेहमी आठवतो.

कॅसलरॉक ते कुळे हा २६ किलोमीटरचा ब्रागांझा घाट. चढ एकास सदतीस, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आकडा वाचायला किरकोळ वाटतो. रेल्वेत काम केलेल्या माणसाला विचारा, त्याचा चेहरा बदलतो. वर चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. उतरणाऱ्या गाडीचा सगळा जीव ब्रेकमध्ये असतो. पुढे नव्वदच्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं, डबे रुंद झाले, खिडक्या बदलल्या. चढ तोच राहिला. ज्या मजुरांनी सुरुंग लावून हा कडा फोडला, त्यांची नावं या मार्गावरच्या कुठल्याच स्टेशनात मला लिहिलेली दिसली नाहीत. मी शोधली आहेत.

आता आज्जीचं सांगायला हवं, कारण तिचं माहेर, देवी आणि हा धबधबा, तिन्ही याच रुळांवर होतं.

दर वर्षा-दोन वर्षांनी ती कवळ्याला शांतादुर्गेची ओटी भरायला जायची, त्याच फेरीत माहेर. त्या वेळी कॅसलरॉकच्या पुढे दुसरं राज्य सुरू व्हायचं. इकडे आपल्याकडची तपासणी, तिकडे कुळ्याला पोर्तुगीजांची. पोटुशी असताना ती एकदा निघाली, तर पोर्तुगीज शिपायाने देवीसाठी घेतलेलं खणाचं कापड बाहेर काढून उलगडून पाहिलं. खण पुन्हा नीट घडी घालून परत दिला, पण आज्जीने तो देवीला वाहिला नाही. परक्याचा हात लागला म्हणून नव्हे. "देवीक दिवपाची वस्त अशी फाटकार हालवन दाखयल्या उपरांत ती ओटी कशी जाता?" देवीला द्यायची वस्तू अशी फाटकावर हलवून दाखवल्यावर ती ओटी कशी होते, असं काहीसं ती म्हणायची, आणि दर वेळी हाताने हवेत कापड झटकून दाखवायची.

१९५५ साल आलं. त्या १५ ऑगस्टला गोवा मुक्तीसाठी देशभरातून आलेले सत्याग्रही निःशस्त्र सरहद्द ओलांडून आत गेले. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसं मेली. त्यानंतर सरहद्दीवरची वाहतूक तुटली. घाटातून गाडी येईना, जाईना.

सहा-सात वर्षं आज्जीला माहेर नव्हतं. तीच रेल्वे, तेच रूळ, मधे फक्त काही बोगदे. तिची आई १९५८च्या पावसाळ्यात गेली. बातमी बेळगावला पोचली तेव्हा बारावा होऊन गेला होता. आज्जीने मागच्या दारी जाऊन अंघोळ केली आणि स्वयंपाकाला लागली. हे मला तिने सांगितलं नाही, माझ्या आत्याने सांगितलं. आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि आईने अवेळी अंघोळ का केली हे तिला कळलं नव्हतं.

डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला. पुढच्या वर्षी गाडी सुरू झाली तेव्हा आज्जी चार पोरं घेऊन निघाली. सरहद्दीपाशी कुणी सामान उघडायला सांगितलं नाही. बोगद्यातून गाडी बाहेर आली आणि समोर पाणी कोसळत होतं, तेव्हा ती उभी राहिली. डब्यातल्या बाकीच्या बायकाही उभ्या राहिल्या, म्हणे. कुणी हात जोडले, कुणी पदर तोंडाला लावला. आत्या म्हणते, "आई रडली नाही. नुसतं म्हणत राहिली, आयलो गे, आयलो. कुणाला सांगत होती कुणास ठाऊक."

म्हणून मी म्हणते, आमच्याकडे दूधसागर यायचा. तो आला म्हणजे माहेरचा मुलूख आला.

त्याच्या नावाची जी गोष्ट सगळीकडे सांगतात ती तुम्हीही ऐकली असेल. घाटमाथ्यावर राजवाडा, रानात तळं, राजकन्या रोज अंघोळ करून सोन्याच्या सुरईतून गोड दूध प्यायची. एके दिवशी एका राजपुत्राची तिच्यावर नजर पडली. सख्यांनी लाजेखातर दुधाची धार ओतून पडदा केला, तो पडदा म्हणजे हा धबधबा. गोष्ट छान आहे. मला मात्र ती राजवाड्यातली वाटते, रानातली वाटत नाही. या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या गवळी धनगर म्हशी घेऊन राहिले. दूध, लोणी, तूप हाच त्यांचा संसार. भल्या पहाटे धार काढताना कासंडीत दूध पडतं तेव्हा फेस वर येतो, आणि तो फेस काठावरून खाली ओघळतो. पावसाळ्यात दूधसागरकडे पाहिलं की मला ती कासंडी दिसते. नाव कुणी ठेवलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण ज्याने ठेवलं त्याने दूध नुसतं प्यायलेलं नव्हतं, ते काढलेलं होतं, असं मी मानते.

कॉलेजात असताना आम्ही सहा जणांनी एक वेडेपणा केला. कॅसलरॉकला उतरून रुळांवरून चालत दूधसागर गाठायचा. तेव्हा कितीतरी लोक जात. ऑगस्टचा महिना, पाऊस थांबायचं नाव घेईना. एका बोगद्यात मध्यावर असताना रूळ बोलायला लागले. घाटात रूळ आधी बोलतात, मग गाडी ऐकू येते. समोरून कंदिलाचा उजेड हलत आला आणि एका गँगमनने आम्हाला दंडाला धरून भिंतीतल्या कोनाड्यात कोंबलं. बोगद्यांच्या भिंतीत असे कोनाडे ठेवलेले असतात, काम करणाऱ्या माणसाला गाडी येताना आत सरता यावं म्हणून. दोन माणसांच्या जागेत आम्ही चार. बाकीचे दोघे पलीकडच्या कोनाड्यात आहेत की नाहीत, कळायला मार्ग नव्हता.

मालगाडी चढत होती. आधी पुढची इंजिनं गेली, तेव्हा चेहरा भाजेल असं वाटलं. मग मालाच्या वाघिणींमागून वाघिणी, इतक्या सावकाश, की प्रत्येक चाक सांध्यावर चढतंय आणि उतरतंय ते पाठीच्या मणक्यात मोजता यावं. छातीपासून हातभर अंतरावर लोखंड सरकत होतं. शेवटी मागून ढकलणारी इंजिनं आली आणि सगळा धूर बोगद्यात कोंडला. गाडी गेल्यावर त्या माणसाने कंदील वर धरून आम्हाला मोजलं. सहा भरल्यावर तो बोलायला लागला, आणि जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा आवाज थरथरत होता. त्याच्या डोक्यावर गोणपाटाची खोळ होती, खांद्यावर लांब दांड्याचा पाना, पायांत बूट नव्हते. रोज रात्री याच अंधारातून, याच पावसात, दरड आली का, रूळ हलला का, हे बघत तो चालायचा. आम्ही त्याच्या कामाच्या जागेत मौज करायला शिरलो होतो.

आता रुळांवरून चालायला रेल्वेची सक्त मनाई आहे. रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दर पावसाळ्यात तरुण मुलं तरी जातात आणि मोबाइलवर चित्रफिती टाकतात. त्यांना मी कळकळीने सांगते, जाऊ नका. २३ जुलै २०२१ला याच घाटात, दूधसागर स्टेशनाच्या पुढे, मंगळूरहून मुंबईला निघालेल्या गाडीवर दरड आली आणि डबे घसरले. कोकणात पूर आल्यामुळे ती गाडी इकडून वळवलेली होती. जीवितहानी झाली नाही. पण डोंगर हलतो तेव्हा आधी सांगत नाही, आणि त्या कोनाड्यात दोघांचीच जागा असते.

मग मी पहिल्यांदा दूधसागरला गेले, म्हणजे खरोखर ठरवून गेले, ती पन्नाशी ओलांडल्यावर. नोव्हेंबरात, खालच्या बाजूने.

कुळ्याहून जीप घ्यावी लागते. पावसाळ्यात हा रस्ता बंद असतो, पाणी उतरल्यावर उघडतो, कारण वाटेत नदीच ओलांडायची असते. जीप पाण्यात शिरते तेव्हा चाकांखालचे गोटे घरंगळतात आणि बसलेला प्रत्येक जण एकमेकांवर कलंडतो. दोन्ही बाजूंना ऐनाची झाडं. गोव्यात त्याला माट्टी म्हणतात, तो तिथला राज्यवृक्ष. साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटीची, उन्हाळ्यात खोडात पाणी साठवणारी. चालकाने एका ठिकाणी इंजिन बंद केलं. वर फांदीवर शेकरू पसरून झोपलं होतं, तांबूस झुपकेदार शेपटी खाली लोंबत होती. चालक म्हणाला, "थांबा हं जरा," आणि आम्ही सगळेच कुजबुजीत बोलायला लागलो.

शेवटचा तुकडा पायी. तिथे मला ते फुलपाखरू दिसलं, मलबार ट्री निंफ, गोव्याचं राज्य फुलपाखरू. पांढरं, काळ्या रेघांचं. ते उडत नाही, तरंगतं. कुणीतरी झाडावरून टिपकागदाचा तुकडा सोडावा आणि तो खाली येता येता विचार बदलून पुन्हा वर जावा, तसं. मी खडकावर टेकून त्याला बघत राहिले. मागून आलेली माणसं वाट मागून पुढे गेली.

आणि मग तो. खालून दूधसागर वेगळाच असतो. गाडीतून तो शेजारी असतो, इथे तो डोक्यावर असतो. पाण्याआधी आवाज पोटात उतरतो. लाइफ जॅकेट घातलेली मुलं डोहात किंचाळत होती, माकडं कुणाच्यातरी पिशवीतून बिस्किटाचा पुडा पळवत होती. मान मागे टाकली की वर, पाण्याच्या मध्यावर, पुलाची बारीक रेघ. एवढासा? माझ्या लहानपणाची ती खिडकी त्या रेघेवर कुठेतरी होती.

ज्या खडकावर मी टेकले होते तो आपल्या सह्याद्रीच्या नेहमीच्या काळ्या बेसॉल्टचा नव्हे. महाराष्ट्राचे किल्ले ज्या लाव्हाच्या थरांवर उभे आहेत, त्यांचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. इथल्या खडकाला भूवैज्ञानिक दूधसागर ग्रॅनाइट म्हणतात, आणि तो अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला. त्याला हात लावला तर तो गुळगुळीत होता, पाट्यासारखा, आणि उन्हातही थंड.

पुलावरून गाडी गेली. खालून ती खेळण्यातली दिसते. डोहातली सगळी मुलं थांबून हात हलवायला लागली. वरच्या कुणाला दिसणं शक्य नव्हतं. मीही हात हलवला.

त्या गाडीबद्दलच्या प्रेमानेच पुढचं लिहावंसं वाटतं. या मार्गाचं दुपदरीकरण करायचं ठरलं होतं, म्हणजे त्याच जंगलातून, त्याच कड्यातून आणखी एक रूळ. त्याच सुमाराला मोलेच्या रानातून महामार्गाचं चौपदरीकरण आणि उच्च दाबाची वीजवाहिनी असे आणखी दोन प्रकल्प आले. २०२०च्या टाळेबंदीत या मंजुऱ्या पुढे सरकल्या, तेव्हा गोव्यातली तरुण मुलं उठली. चित्रकार, वकील, जीवशास्त्रज्ञ, मासेमारी करणारे, शेतकरी. १ नोव्हेंबर २०२०च्या रात्री चांदरला हजारो माणसं रेल्वे फाटकापाशी मेणबत्त्या घेऊन जागली. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, गोव्याच्या कदंबांची एकेकाळची राजधानी. त्यांचं म्हणणं होतं, की हा दुसरा रूळ मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या कोळशासाठी हवा आहे, आमच्यासाठी नव्हे. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या पट्ट्यातल्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली.

पहिल्या रुळानेही रान कापलं होतं, हे मी विसरत नाही. त्या रुळावरून माझी आज्जी माहेरी गेली, म्हणून तो मला प्रिय आहे. पण म्हणून दुसराही चालेल, असं माझ्या मनाला पटत नाही. आईने एकदा रक्त दिलं म्हणून दर वेळी तिचाच दंड पुढे ओढायचा का?

पाण्याचं त्याहून अवघड आहे, कारण मी बेळगावची. म्हादईच्या, म्हणजे मांडवी नदीच्या, खोऱ्यातलं कळसा आणि भांडुरा नाल्यांचं पाणी मलप्रभा नदीत वळवावं ही मागणी आमच्याच जिल्ह्यातल्या कणकुंबीपाशी सुरू होते. २०१८च्या ऑगस्टमध्ये लवादाने वाटणी केली: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. हुबळी-धारवाडच्या बायकांना आठ आठ दिवस पाण्याची वाट बघताना मी पाहिलं आहे, माझी सख्खी नणंद तिथे राहते. त्यामुळे गोव्यातल्या नातेवाइकांसमोर मला छाती ठोकून बोलता येत नाही, आणि नणंदेसमोरही नाही. दूधसागरच्या माथ्यावरच्या ओढ्यांचं पाणी काळी नदीकडे वळवायची योजनाही कर्नाटकाने मांडली होती. ती वाचली त्या दिवशी मात्र मी जेवले नाही. तहानेसाठी मागणं मला समजतं. ते विजेसाठी होतं.

दुसऱ्या दिवशी तांबडी सुर्लला गेले. मोलेहून फार लांब नाही. रानात, ओढ्याच्या काठी, कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, १२व्या-१३व्या शतकातलं. कदंबांनी बांधलेल्या गोव्यातल्या देवळांपैकी हेच एक उभं राहिलं, बाकीची काळाने आणि पोर्तुगीजांनी पाडली. आणि ते बेसॉल्टचं आहे. अवतीभवती जांभा असताना घडाईचा काळा दगड घाटावरून आणला. कुठल्या वाटेने, किती बैल लावून, किती दिवसांत? आतल्या एका खांबाच्या पायथ्याशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलाय. नंदीला शीर नाही. छताला कमळ. मी आत गेले तेव्हा पुजारी नव्हते, एक बाई केर काढत होत्या. त्या म्हणाल्या, "बसा, माई. पाय थंड होतील." खरंच झाले. ओढ्याचा आवाज गाभाऱ्यापर्यंत येत होता.

तिथून फोंड्याला, मामेवहिनीकडे. दूधसागरचं पाणी पुढे खांडेपार नदीतून वाहत जातं. तिच्या काठी जांभ्यात कोरलेली जुनी लेणी आहेत. त्याच नदीवर ओपाला पाणी शुद्ध करायचं केंद्र आहे, आणि फोंडा, तिसवाडी, थेट पणजीपर्यंतचे नळ त्यावर चालतात. मग ती नदी मांडवीला मिळते. हे मला नकाशावर माहीत होतं.

संध्याकाळी कवळ्याला जायचं होतं. वहिनीने ओटीचं ताट तयार ठेवलं होतं: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. मला म्हणाली, "तांब्यात पाणी घे गो भरून, मी साडी बदलून येते."

स्वयंपाकघरातल्या नळाखाली तांब्या धरला. पाणी जोरात आलं, फेसाळ, क्षणभर पांढरंशुभ्र, आणि तांब्यात पडून निवळलं. तांब्याच्या काठावर थेंब जमले होते. ते मी दोन बोटांनी निपटून घेतले आणि डोळ्यांना लावले. गार होते. तांब्याच्या धातूचा वास होता.

वहिनी निऱ्या सावरत दारात आली होती.

"डोळ्यात काय गेलं गो?"

"काही नाही," म्हटलं, आणि नळ घट्ट बंद केला.